गल्ला आणि मिळकत

शाळेत नाव घालतेवेळी पालकांकडून जो माहितीचा तक्ता भरून घेतात, त्यात 'वार्षिक उत्पन्न' अशी एक चौकट असते. ही बोटभर लांबीची चौकट भरताना पालक जितके अडखळतात, तितके ते दुसऱ्या कोणत्याही प्रश्नापाशी अडखळत नाहीत, असा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. नोकरदार मनुष्य पगाराची चिठ्ठी पाहून आकडा लिहितो व मोकळा होतो. परंतु ज्याचे दुकान आहे, ज्याची रिक्षा आहे, ज्याची घरगुती खाणावळ आहे, तो क्षणभर लेखणी थांबवितो. आणि मग एक तर मनास येईल तो लहानसा आकडा लिहितो, नाही तर वर्षभरात गल्ल्यात जेवढे पडले तेवढे सगळे लिहून टाकतो. पहिल्या प्रकाराविषयी बोलण्याचे हे स्थळ नव्हे. दुसरी चूक मात्र आमच्या डोळ्यांदेखत एका मुलीस भोवली, आणि तीत आमचाही वाटा होता. म्हणून यंदाच्या अंकात नेहमीचा व्याकरणाचा लेख बाजूस ठेवून आम्ही हा जमाखर्चाचा पाठ देत आहोत.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. ती मुलगी तेव्हा आठवीत होती. आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते, हे बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. तीत निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. अट अशी की, आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांहून अधिक नसावे. परीक्षेस बसवावयाच्या मुलांची नावे काढताना आम्ही माहितीचे तक्ते पुढ्यात घेऊन बसलो. या मुलीच्या तक्त्यावर वडिलांच्या वळणदार अक्षरात आकडा होता ९,६०,०००. आम्ही तो वाचला आणि तिचे नाव गाळले. मुलगी गणितात वर्गात पहिली. आपले नाव का नाही, हे तिने विचारले नाही; आणि आम्हीही आपण होऊन सांगितले नाही.

अर्जाची मुदत टळून गेल्यावर डिसेंबरच्या पालकसभेस तिचे वडील आले. सभा संपल्यावर ते मागे रेंगाळले आणि सहलीची सातशे रुपये वर्गणी दोन हप्त्यांनी घ्याल का, असे संकोचाने विचारू लागले. साडेनऊ लाखांचा धनी सातशे रुपयांसाठी हप्ता मागतो, हे आम्हांस उमगेना. आम्ही तक्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "सर, महिन्याला ऐंशी हजारांचा धंदा होतो की. बारा महिन्यांचे ते तेवढेच होतात. कमी लिहून खोटे कसे बोलू?"

हे गृहस्थ शिंपीकाम करतात. त्यांच्या प्रामाणिकपणात उणे काहीच नव्हते; उणे होते ते हिशेबात. त्या सायंकाळी आम्ही त्यांच्यासह शिक्षकांच्या खोलीत बसून वर्षाचा जमाखर्च मांडला. तो त्यांच्या अनुमतीने, आकडे सोयीसाठी किंचित सारखे करून, येथे देतो. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बरोबरीने बेरजा-वजाबाक्या केल्यास उत्तम.

वर्षाची एकूण विक्री ९,६०,००० रुपये. यात शिलाई आली, आणि गणवेशाच्या कापडाची किंमतही आली. हा झाला गल्ला. ज्या कापडाचे ते पैसे आहेत ते कापड या गृहस्थांच्या घरी विणले गेले नव्हते. ते बाजारातून विकत आणलेले होते. म्हणजे गल्ल्यात पडलेल्या प्रत्येक शंभराच्या नोटेवर कापडवाल्याचे, दोरेवाल्याचे, कारागिरांचे, जागामालकाचे आणि वीज कंपनीचे नाव आधीच लिहिलेले असते. ते अक्षर आपणांस दिसत नाही, एवढेच. ज्याचे त्याचे त्यास देऊन झाल्यावर जे उरते ती मिळकत. जुने लोक त्यास 'नक्त नफा' म्हणत, हल्ली 'निव्वळ उत्पन्न' म्हणतात.

आता खर्च. वर्षभरात कापड, अस्तर, बटणे व दोरा मिळून ३,७०,००० रुपयांची खरेदी झाली. येथे घाईघाईने हा सगळा आकडा खर्ची टाकू नये. वर्षाच्या आरंभी दुकानात ४०,००० रुपयांचा माल शिल्लक होता आणि वर्षअखेरीस ६०,००० रुपयांचा माल फळीवर पडून होता. फळीवरचे कापड अद्याप विकले गेले नाही. तेव्हा ते या वर्षाच्या विक्रीचा खर्च नव्हे. चाळीस हजार आणि तीन लाख सत्तर हजार मिळवावे, त्यातून साठ हजार वजा करावे. खर्ची पडलेला माल ३,५०,००० रुपयांचा ठरतो. ही पायरी गाळल्यामुळे पुष्कळ दुकानदार आपल्यास तोटा झाला असे समजून उगाच हवालदिल होतात. आणि उलट ज्यांचा माल वर्षअखेर संपत आला आहे ते नसत्या नफ्याने फुशारतात.

पुढचे खर्च सरळ आहेत. तुकड्यावर काम करणाऱ्या दोन कारागिरांची मजुरी १,८०,०००, दुकानाचे भाडे दरमहा ८,००० प्रमाणे ९६,०००, वीज २४,०००, सुया, तेल, इस्त्री व यंत्रांची दुरुस्ती १४,०००, हमाली, प्रवास व फोन १६,०००, आणि यंत्रांसाठी काढलेल्या कर्जावरचे व्याज १८,०००. मालासह एकूण ६,९८,००० रुपये. नऊ लाख साठ हजारांतून हे वजा करता २,६२,००० उरतात.

येथे त्या गृहस्थांनी सुस्कारा टाकला. परंतु आणखी एक खर्च बाकी होता, आणि तो असा की ज्याची पावती कोणी देत नाही.

दुकानातील विजेवर चालणारी यंत्रे १,२०,००० रुपयांची. ती या वर्षी चालली, पुढल्या वर्षी चालतील, आणि एके दिवशी चालेनाशी होतील. गणवेशाच्या प्रत्येक शिवणीबरोबर यंत्राचा अंशमात्र भाग झिजून जातो. या झिजेची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्ची टाकावयाची, यास हिशेबात घसारा म्हणतात. घरी चंदन उगाळताना सहाणेवर खोड लहान होत जाते तसेच हे. प्राप्तिकराच्या नियमांत सामान्य यंत्रसामग्रीवर शेकडा १५, लाकूडसामानावर शेकडा १० आणि संगणकावर शेकडा ४० असा घसारा धरतात. आणि तो दरवर्षी मूळ किमतीवर नव्हे, तर उरलेल्या किमतीवर. म्हणजे १,२०,००० वर पहिल्या वर्षी १८,०००, उरले १,०२,०००, त्यावर दुसऱ्या वर्षी १५,३००, उरले ८६,७००. तिसऱ्या वर्षाचा आकडा विद्यार्थ्यांनी स्वतः काढावा. यंत्र ज्या वर्षी विकत घेतले त्या वर्षी ते १८० दिवसांहून कमी वापरात असेल, तर त्या वर्षापुरता घसारा निम्माच मिळतो.

घसाऱ्याचे १८,००० वजा जाता निव्वळ उत्पन्न राहिले २,४४,०००. बारांनी भागले असता महिन्यास वीस हजार तीनशे तेहतीस रुपये. कोठे ऐंशी हजार आणि कोठे वीस हजार! आणि शिष्यवृत्तीची मर्यादा ३,५०,००० ची. मुलगी परीक्षेस बसण्यास सर्वथा पात्र होती. आम्ही दोघेही काही वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो.

परंतु त्या गृहस्थांस दुसराच प्रश्न पडला होता, आणि तो अधिक मार्मिक होता. ते म्हणाले, "सर, नफा दोन लाख चव्वेचाळीस हजार निघतो, आणि घरखर्चाला मी महिना अठरा हजारच उचलतो, म्हणजे वर्षाला दोन लाख सोळा हजार. मग अठ्ठावीस हजार शिल्लक पाहिजेत. माझ्याकडे तर दमडी नाही, उलट कापडवाल्याचे सेहेचाळीस हजार देणे झाले आहे. ते पैसे गेले कुठे?"

हा प्रश्न जो दुकानदार विचारतो तो निम्मा हिशेबनीस झालाच, असे आम्ही समजतो. उत्तर असे. नफा आणि रोख रक्कम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. घसारा खर्ची पडला तरी त्यासाठी खिशातून पैसा जात नाही. म्हणून रोकड मोजताना पुन्हा २,६२,००० पासून आरंभ करावा. त्यातून कर्जाची मुद्दल ४२,००० फेडली. मुद्दल हा खर्च नव्हे, कारण कर्ज घेतले तेव्हा ती रक्कम उत्पन्न म्हणून आपण जमा धरली नव्हती. पण पैसा मात्र खराच गेला. आरंभीच्या मालाहून वर्षअखेरीस फळीवर वीस हजारांचे कापड जास्त पडले. तोही पैसा अडकला. गिऱ्हाइकांकडे ३०,००० रुपयांची उधारी राहिली. ती विक्रीत धरली आहे, गल्ल्यात आलेली नाही. (म्हणजे या गृहस्थांचा 'गल्ला' देखील संपूर्ण गल्ला नव्हता!) बेचाळीस, वीस आणि तीस मिळून ब्याण्णव हजार. दोन लाख बासष्ट हजारांतून ते गेले. हातात यावयाचे उरले १,७०,०००. घरी नेले २,१६,०००. तूट ४६,००० ची. नेमके तेवढेच कापडवाल्याचे देणे.

म्हणजे हे कुटुंब वर्षाचे शेवटचे अडीच महिने कापडवाल्याच्या पैशावर जेवले. ते गरीब झाले असे नाही. कर्ज उतरले, माल वाढला, येणे वाढले. त्यांची स्थिती अठ्ठावीस हजारांनी सुधारलीच होती. पण ती सुधारणा कापडाच्या ताग्यांत आणि शेजाऱ्यांच्या तोंडी वायद्यांत बसली होती, आणि ताग्याने सहलीची वर्गणी भरता येत नाही. शिवाय शिंपीकामाचा मोसम असा की, मे-जून महिन्यांत गणवेशांमुळे गल्ला ओसंडतो आणि पावसाळ्यात तो कोरडा पडतो. जूनमधला भरलेला गल्ला पाहून माणसाने दुचाकीचा हप्ता अंगावर घ्यावा आणि ऑगस्टमध्ये तो चुकवावा, असे आम्ही एकाहून अधिक घरी पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही त्या सायंकाळी त्यांस विचारली: काज-बटणे कोण करते? ते उत्तरले, "ती घरी होतात. घरची करतात." त्यांच्या पत्नी दुपारी स्वयंपाक आटोपल्यावर चार-चार तास काजे करीत बसतात. हे काम बाहेर दिले असते तर त्यांच्याच अंदाजाने महिन्यास पाच हजार, म्हणजे वर्षास साठ हजार रुपये द्यावे लागले असते. शिवाय ते स्वतः सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत यंत्रावर असतात. दुसऱ्याच्या दुकानी त्याच कामाचे त्यांस चौदा हजार महिना, म्हणजे वर्षास १,६८,००० मिळाले असते. दोघांच्या श्रमांची मिळून किंमत झाली २,२८,०००. दोन लाख चव्वेचाळीस हजारांतून ती काढून ठेविली तर धंद्याने धंदा म्हणून दिले अवघे १६,००० रुपये. बाकीचे सर्व मजुरीच होती. एकाची उघड, दुसरीची अदृश्य.

प्राप्तिकराचा कायदा मालकाच्या स्वतःच्या श्रमांची मजुरी वजा करू देत नाही. आपणच आपणांस पगार देता येत नाही, घेतो ती उचल. पत्नीस खरोखरच पगार दिला, तो कामाच्या मानाने रास्त असला आणि वहीत लिहिला, तर तो खर्चात धरता येतो. न दिलेला पगार धरता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु घरात बसून आपला धंदा पुढे चालवावा की नाही, मुलाने शाळा सोडून दुकानी बसावे की नाही, याचा विचार करतेवेळी ही अदृश्य मजुरी विसरणे म्हणजे स्वतःस फसविणे होय. मुलगा दुकानी बसला म्हणजे 'कारागिराचा पगार वाचतो' असे म्हणतात. वाचत नाही, तो त्या मुलाकडून घेतला जातो.

आता कायद्याकडे वळू. आपल्या देशात प्राप्तिकर प्रथम १८६० साली आला. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीस पडलेले खिंडार बुजविण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो बसविला. पुढे १८८६, १९२२ व १९६१ असे कायदे होत गेले, आणि २०२५ साली संसदेने १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणारा नवा कायदा संमत केला. कलमांचे क्रमांक बदलले, भाषा सोपी झाली. पण धंद्यावरचा हा कर विक्रीवर नसून नफ्यावर आहे, हे तत्त्व टिकून राहिले. (१ जुलै २०१७ पासून सुरू झालेला वस्तू व सेवा कर विक्रीवरचा असतो, त्याची आणि याची गल्लत करू नये.) नफ्यावर कर घ्यावयाचा म्हटल्यावर खर्च वजा करू देणे हे ओघानेच आले. यासच वजावट म्हणतात. ही सरकारने दिलेली बक्षिसी नव्हे, आणि हिकमतीने काढावयाची पळवाटही नव्हे.

वजावटीचा मुख्य नियम थोडक्यात असा: खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्याच्याच कारणी झालेला असावा, तो घरगुती नसावा, आणि तो भांडवली नसावा, म्हणजे यंत्र घेतले तर त्याची सगळी किंमत एकदम खर्ची न टाकता घसाऱ्याच्या वाटेने टाकावी. कायदा मोडल्याबद्दलचा दंड किंवा लाच धंद्यापायीच दिली असली तरी ती वजा होत नाही. एका दिवसात एका माणसास दहा हजारांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर काही अपवाद सोडता तीही वजावटीस पात्र राहत नाही. दुकानाची दुचाकी मुलांस शाळेत सोडण्यासही वापरली जाते ना? मग तिचा सगळा खर्च धंद्यावर टाकता येणार नाही, वापराच्या प्रमाणात वाटावा लागेल. दुकानातील ताग्यातून घरच्यांसाठी कापलेले कापडही खर्चातून बाहेर काढावे.

'केवळ धंद्यासाठी' या शब्दांचा कस लावणारा एक खटला विद्यार्थ्यांस आवडेल. भारताचे माजी कायदामंत्री व नामांकित वकील शांतिभूषण यांनी आपल्या हृदयावरील शस्त्रक्रियेचा खर्च वकिलीच्या उत्पन्नातून वजा मिळावा असा दावा केला होता. वकिलाचे हृदय हे त्याच्या व्यवसायाचे यंत्रच होय, तेव्हा त्याची दुरुस्ती ही यंत्राची दुरुस्ती, असा त्यांचा युक्तिवाद. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ साली तो अमान्य केला. हृदय जगण्यासाठी सर्वांसच लागते, केवळ वकिलीसाठी लागत नाही. आणि ते यंत्र मानावयाचे तर इतर यंत्रांप्रमाणे ते आधी जमाखर्चाच्या वहीत मालमत्ता म्हणून किमतीसह नोंदलेले असावयास हवे होते. आपल्या हृदयाची खरेदीची किंमत कोण सांगू शकेल? उलट बाजूचा एक निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली बद्रिदास डागा यांच्या खटल्यात दिला. एका पेढीच्या मुंबईतील मुखत्याराने पेढीचे दोन लाखांवर रुपये आपल्या सट्ट्याचे देणे भागविण्यासाठी उडविले. पैसा हाताखालच्या माणसांकडे सोपविल्यावाचून धंदा चालत नाही. तेव्हा त्यांनी केलेला अपहार हा धंद्यातूनच उद्भवलेला तोटा होय, आणि नफा काढताना तो धरला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. कारागीर आगाऊ पैसे घेऊन पळाला म्हणून हळहळणाऱ्या दुकानदारांस यात थोडे समाधान आहे. अर्थात ती आगाऊ रक्कम वहीत लिहिलेली असेल तर.

वजावटीविषयी जी समजूत सर्वांत अधिक घरे बुडविते तिच्याकडे आता येतो. "बिल घेऊन ठेवा, टॅक्समध्ये जाईल," असे म्हणून लोक नको ती वस्तू विकत घेतात. जणू तिची किंमत सरकारच देणार आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या कररचनेत पहिल्या चार लाखांवर कर नाही, आणि बारा लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर सूट मिळून काहीच भरावे लागत नाही. सर्वांत वरची पायरी चोवीस लाखांपुढील उत्पन्नाची, तिच्यावर शेकडा तीस. आता त्या वरच्या पायरीवरील एखाद्या व्यावसायिकाने गरज नसता ६०,००० रुपयांचा संगणक घेतला असे धरू. पहिल्या वर्षीचा घसारा शेकडा चाळीस म्हणजे २४,०००. त्यावर वाचलेला कर, उपकर सोडून, ७,२००. पुढील वर्षी १४,४०० वर ४,३२०. अशा रीतीने पुष्कळ वर्षांनी सगळी किंमत खर्ची पडली तरी एकूण बचत अठरा हजारांच्या आसपास. उरलेले बेचाळीस हजार त्याच्या खिशातूनच गेले. तीस रुपये वाचविण्यासाठी शंभर खर्चणारा मनुष्य शहाणा नव्हे. आणि आमच्या शिंपी गृहस्थांस तर मुळात करच लागत नाही. त्यांच्या बाबतीत शंभर खर्चून वाचावयाचे काय? शून्य! ज्यास कर नाही त्यास वजावटीचा लाभ नाही. खर्चाचा हिशेब त्यांस सरकारसाठी नको आहे, स्वतःसाठी हवा आहे.

येथवर आपल्या हाती दोन आकडे आले: गल्ल्याचा ९,६०,००० आणि खऱ्या मिळकतीचा २,४४,०००. कागदोपत्री एक तिसरा आकडाही संभवतो. लहान धंदेवाल्यास वह्या ठेवण्याचा जाच होऊ नये म्हणून कायद्याने एक सवलत ठेविली आहे. ठराविक मर्यादेच्या आतील उलाढाल असल्यास तीवर शेकडा ८ हा नफा समजावा, आणि बँकेतून वा मोबाईलवरून आलेल्या रकमेपुरता शेकडा ६. मग खर्चाच्या पावत्या दाखविण्याचे कारण नाही. या हिशेबाने आमच्या शिंप्याचा नफा, सर्व विक्री रोखीची धरली तर, ७६,८०० रुपये. अधिक मिळाले असल्यास अधिक दाखवावे अशी कायद्याची भाषा आहे, पण ती वाचतो कोण? विवरणपत्र भरून देणारा सांगतो, "आठ टक्के टाकून देतो," आणि दुकानदार सही करतो. पुढे मुलीच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी कर्ज काढावयास तो बँकेत जातो, तेव्हा बँक मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते आणि विचारते: शहात्तर हजारांत घर चालवून तुम्ही हप्ता कशातून भरणार? त्या वेळी ऐंशी हजारांचा मासिक गल्ला आठवून सांगण्यात काही अर्थ नसतो. एकाच माणसाने शाळेत साडेनऊ लाख आणि बँकेत पाऊण लाख असे दोन आकडे दाखवावेत, आणि खरा आकडा त्याचा त्यासही ठाऊक नसावा, ही स्थिती आमच्या पालकांत दुर्मीळ नाही.

यावर उपाय फार जुना आहे. पेशव्यांच्या रोजकीर्दी पुण्याच्या दफ्तरात अद्याप जपून ठेविलेल्या आहेत. कोणत्या दिवशी काय आले आणि कोणास काय दिले, हे तेथील कारकून त्याच दिवशी मोडी अक्षरांत लिहून ठेवीत. एवढ्या मोठ्या राज्यास जे जमले ते एका दुकानास जमावे. दोनशे पानी वही पुरे. डाव्या बाजूस आलेले, उजव्या बाजूस गेलेले, घरी नेलेल्या पैशांस वेगळे पान, उधारीस वेगळे, आणि वर्षअखेरीस एक सायंकाळ फळीवरील माल मोजण्यासाठी. आमच्या नववी-दहावीच्या कोणत्याही मुलामुलीस हे काम येण्यासारखे आहे. आईबापांनी ते त्यांच्याकडे सोपवावे. घरात पैसा किती येतो हे मुलांस कळू नये असे ज्यांस वाटते त्यांच्याशी आमचा मतभेद आहे.

ती मुलगी आता दहावीत आहे. तिचे ४८,००० रुपये परत आणणे आमच्या हाती नव्हते. नावे काढताना आम्ही आता आकड्यावर न थांबता प्रत्येक धंदेवाल्या पालकास बोलावून विचारतो, एवढेच आम्ही करू शकलो. तिचा धाकटा भाऊ यंदा आठवीत आला. सप्टेंबरात वडील उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद घेऊन शाळेत आले, तेव्हा त्यांच्या बगलेत निळ्या पुठ्ठ्याची वही होती आणि बरोबर मुलगी होती. वही तिनेच लिहिलेली. घसारा काढला होता, मालाची मोजदाद होती, उधारीच्या पानावर तीन नावांपुढे लाल रेघ होती. निव्वळ उत्पन्नाचा आकडा मर्यादेच्या आत बसत होता, आणि भावाचा अर्ज त्याच दिवशी भरला गेला. निघताना तिने वहीचे शेवटचे पान उघडले. त्यावर पेन्सिलीने काज-बटणांचे तास मांडले होते, महिन्यावार, बेरजेसह.

"सर," ती म्हणाली, "आईचे हे कोणत्या बाजूला लिहायचे?"

कायद्याप्रमाणे ते कोणत्याच बाजूस येत नाही, हे आम्ही तिला सांगितले. आणि ते पान फाडू नकोस, दरवर्षी असेच लिहीत जा, असेही सांगितले. तिने पेन्सिलीच्या अक्षरांवरून तेथेच शाई फिरविली.